पाचवा खोडरबर

दोन मुलांनी मिळून खोली आवरली. बक्षीस म्हणून खोडरबर वाटायचे आहेत. एक याला, एक त्याला, पुन्हा एक याला, एक त्याला. पाचवा उरतो. समोर बसलेल्या तिसऱ्या मुलाला विचारायचं: हा एकाला देऊन टाकू, की कचऱ्यात टाकू? अ‍ॅलेक्स शॉ आणि क्रिस्टीना ओल्सन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात सहा ते आठ वर्षांच्या बहुतेक अमेरिकन मुलांनी कोरा करकरीत खोडरबर कचऱ्यात टाकायला सांगितलं. हा मत्सर म्हणावा, तर जास्तीची वस्तू स्वतःच्या पदरात पडणार असतानाही मुलं ती टाकायला निघाली. उलट, एकाने काम जास्त केलं होतं एवढं कळताच पाचवा त्यालाच द्या म्हणाली. कमीजास्त त्यांना चालतं, फक्त त्याला कारण लागतं. आपल्याकडे लपाछपीत लिंबूटिंबूवर राज्य येत नाही आणि त्यावरून कुणी भांडतही नाही, ते यामुळेच.

घरच्या श्रीमंतीपाशी मात्र हा हिशेब अडतो. तिथे वाटणारा हात दिसत नाही. रॉबर्ट लेही यांनी १९८१ साली मांडलेल्या अभ्यासात लहान मुलांनी श्रीमंत-गरिबांचं वर्णन केलं ते वस्तू आणि दिसणं यांवरून. जणू पैसा म्हणजे उंचीसारखी अंगचीच गोष्ट. चार-पाच वर्षांची मुलं, ज्याच्याकडे कमी त्याला जास्त देतात हे खरं, पण आवडतो त्यांना जास्त असलेलाच, असंही आढळलं आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या पोरांचं, असा आक्षेप येईल, आणि तो निम्मा खरा आहे. भारतासह सात देशांत झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपल्याला कमी मिळालेलं मुलांना सगळीकडे खुपलं; आपल्याला जास्त मिळालेलं नाकारणारी मोठी मुलं मात्र अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीनच देशांत दिसली. म्हणजे आपल्या वाट्याचं कमी उपजत कळत असावं; जास्त कधी खुपायचं, ते आजूबाजूची माणसं शिकवतात.

आणि शिकवतात काय? मित्राकडे एवढी मोठी गाडी कशी, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं: त्याचे बाबा खूप काम करतात. खोडरबराच्या हिशेबात हे चपखल बसतं, म्हणून मूल गप्प होतं. आजोबांची जमीन, काकांचा फ्लॅट या उत्तरात येत नाहीत. पुढचा प्रश्न येतो तो धुणंभांड्याच्या मावशींबद्दल: त्या तर रोज पाच घरं करतात, मग त्यांची गाडी कुठे आहे?