पाणलाव्याचे क्रियापद

विन्स्टन चर्चिल 1896 साली चौथ्या हुसार्स या घोडदळाबरोबर बंगळूरच्या छावणीत आले, तेव्हा त्यांनी बाविसावे वर्षही पुरे केले नव्हते. 1930 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माय अर्ली लाइफ’ या आत्मकथनात त्यांनी तेथील गुलाबांची व फुलपाखरांची वाखाणणी केली आहे. त्याच ओघात, तेथील दलदलीत ‘स्नाइप’ पक्षी आणि साप विपुल असल्याचेही ते सांगून जातात.

स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा हा लहानसा पक्षी आपली लांब, सरळ चोच चिखलात खुपसून किडे वेचतो. पाठीवरच्या तपकिरी-पिवळ्या रेघांमुळे तो वाळल्या गवतात असा मिसळून जातो, की पायाजवळून उडेपर्यंत दृष्टीस पडत नाही. उडाला म्हणजे घोगरा आवाज करीत, नागमोडी वळणे घेत दूर जातो. बंदूक खांद्याला लागते न लागते, तोच त्याने दिशा बदललेली असते. साहजिकच त्याची शिकार ही नेमबाजाची कसोटी मानली जाई.

पक्ष्याचे नाव इंग्रजीत मध्ययुगापासून आहे. क्रियापद मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. ते हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतून आले, असे सामान्यतः मानले जाते. ‘स्नायपर’ हे कर्तृवाचक नाम त्यानंतरचे असून, ते सर्वतोमुखी झाले ते पहिल्या महायुद्धातील खंदकांमुळे.

पाणलावा टिपणारा तो स्नायपर, एवढ्यावर ही व्युत्पत्ती सहसा संपविली जाते. पण त्यात एक विलक्षण उलटापालट झाली आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शिकारीत दडलेला असतो तो पक्षी. शिकारी उघड्यावर, चिखल तुडवीत चालतो आणि उडत्या पक्ष्यावर छऱ्यांचा मारा करतो. युद्धात दडतो तो मारणारा. सावजच उघड्यावर असते आणि गोळीही एकच सुटते. शब्द तोच राहिला, आडोसा मात्र सावजाकडून शिकाऱ्याकडे गेला.

मराठीत ‘नेमबाज’ म्हटले तर दडण्याचा अर्थ निसटतो, ‘दबा धरणे’ म्हटले तर नेम निसटतो. ‘टिपणे’ हे क्रियापद त्यातल्या त्यात जवळचे. गंमत अशी, की तेही पाखरांच्याच जगातले: पाखरू दाणे टिपते आणि बंदूकवाला पाखराला.

बंगळूरचे अनेक जुने तलाव आता उरलेले नाहीत. धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली दुरुस्ती होऊन शिकारीचे परवानेही बंद झाले. पाणलावा अजून हिवाळ्यात येतो. शहराबाहेर होस्कोटेच्या तलावाकाठी पक्षिनिरीक्षक दुर्बिणीतून त्याचा शोध घेतात, आणि पुष्कळदा तो त्यांच्या पायाजवळूनच उडतो.