सीमा ओलांडणारी मालमोटार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पन्नास राज्ये आहेत. प्रत्येक राज्यास स्वतःचे विधिमंडळ, स्वतःची न्यायालये आणि स्वतःचे पोलीसदल आहे. वॉशिंग्टन येथील केंद्रशासनाकडे राज्यघटनेने काही ठरावीक विषयच सोपविले आहेत व उरलेले राज्यांकडे ठेविले आहेत. राज्याराज्यांमधील व्यापार हा केंद्राकडील एक विषय होय. ही वाटणी कागदावर सोपी दिसते. परंतु मालाने भरलेली एखादी मोठी मालमोटार रस्त्यावर धावू लागली, म्हणजे या वाटणीची खरी कसोटी लागते.

सॅन फ्रान्सिस्कोपासून पूर्वेकडे न्यू जर्सीपर्यंत जाणारा ८० क्रमांकाचा महामार्ग साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तो अकरा राज्यांतून जातो. कॅलिफोर्नियातील भाजीपाला घेऊन निघालेला चालक या मार्गाने नेव्हाडाचे वाळवंट, वायोमिंगची पठारे आणि आयोवाची मक्याची शेते मागे टाकीत पूर्व किनाऱ्याकडे येतो. वाहन एकच व चालकही एकच. पण वाटेत कायदे मात्र अकरा राज्यांचे! प्रत्येक राज्याने ब्रेकांचा, दिव्यांचा आणि चालकाच्या विश्रांतीचा निरनिराळा नियम केला, तर त्या चालकाने कोणता नियम पाळावा?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, प्राणांचा आहे. त्या देशातील महामार्गांवर मालासह ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन वजनाची मालमोटार सामान्यतः चालू शकते. ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने जाणारी लहान मोटार थांबण्यास सुमारे १०० मीटर अंतर लागते. भरलेल्या मालमोटारीस त्याच वेगात सुमारे १६० मीटर लागतात. हे झाले रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम आणि चालक सावध असताना. ब्रेक झिजलेले असतील किंवा चालकाचे डोळे झोपेने मिटू लागले असतील, तर काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून १९३५ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून, राज्याच्या सीमा ओलांडणाऱ्या मालमोटारींच्या सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार एका केंद्रीय आयोगास दिला. पुढे १९६७ साली वाहतूक खाते सुरू झाल्यावर हे काम त्याच्याकडे गेले, आणि २००० सालापासून त्या खात्यातील एक स्वतंत्र प्रशासन ते पाहते. चालकाने किती तास वाहन चालवावे, हा या नियमांतील सर्वांत महत्त्वाचा भाग. आजच्या नियमाप्रमाणे मालमोटारीच्या चालकाने सलग १० तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवावे, आणि तेही कामास लागल्यापासून १४ तासांच्या आत. पूर्वी हे तास चालक स्वतःच्या हाताने वहीत लिहीत असे, आणि वहीत खोटे लिहिणे अवघड नसते. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक आंतरराज्य मालमोटारींत इंजिनाला जोडलेले यंत्रच ही नोंद ठेवते.

परंतु नियम केला म्हणजे तो पाळला जातो, असे नाही. लाखो मालमोटारींवर नजर ठेवण्याइतके अधिकारी केंद्राजवळ नाहीत. रस्त्यावर उभा असतो तो राज्याचा पोलीस, आणि त्यास मुख्यतः आपल्या राज्याचा कायदा राबवावयाचा असतो. त्यातही केंद्राचे हे नियम बहुतांशी सीमा ओलांडणाऱ्या व्यापारापुरतेच आहेत. मग जी मालमोटार राज्याच्या आतच माल पोहोचविते, तिचे काय? रस्त्याच्या कडेने सायकलवरून शाळेस जाणाऱ्या मुलास, समोरून येणारी मालमोटार परराज्यातून आली आहे की शेजारच्या गावातून, हे कसे कळावे? दमलेला चालक दोन्ही ठिकाणी सारखाच धोक्याचा.

यावर जो उपाय योजण्यात आला, तो मोठा समंजसपणाचा आहे. राज्यांच्या पोलिसांनी केंद्राचा कायदा राबवावा, असा हुकूम केंद्रास सोडता येत नाही. म्हणून १९८२ साली संसदेने एक साहाय्य योजना आखली. जे राज्य केंद्राचे सुरक्षानियम आपल्या कायद्यात स्वीकारील व त्यांची अंमलबजावणी करील, त्याच्या या कामाच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र उचलते.

हा स्वीकार करण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. शेकडो पृष्ठांचे नियम राज्य पुन्हा लिहून काढीत नाही. केंद्राच्या नियमसंहितेतील अमुक भाग, अमुक तारखेस जसे होते तसे, या राज्याचे नियम समजावेत, एवढे लिहिले की अनेक राज्यांत काम होते. मात्र अशा ठिकाणी एक दक्षता घ्यावी लागते. केंद्राने पुढे नियम बदलला, तरी राज्याच्या पुस्तकात जुनाच नियम राहतो. म्हणून राज्ये वेळोवेळी ती तारीख पुढे नेतात. साहाय्य घेणाऱ्या राज्याने नवा नियम अंमलात आल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याच्याशी जुळणारा नियम करावा, अशी अट आहे.

सगळीकडे तंतोतंत एकच नियम आहे, असे मात्र नाही. राज्याच्या आतील वाहतुकीसाठी काही मर्यादेपर्यंत सवलत ठेवता येते. टेक्ससमध्ये राज्यांतर्गत मालवाहतूक करणाऱ्या चालकास १२ तास वाहन चालविण्याची मुभा आहे. सीमा ओलांडणाऱ्या चालकाचे वय सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. राज्याच्या आत मात्र बहुतेक राज्ये १८ वर्षांच्या तरुणासही परवाना देतात.

या एकसूत्रीपणाचा लाभ परवान्यांच्या बाबतीत विशेष दिसून आला. पूर्वी अनेक राज्यांत साध्या मोटारीचा परवाना असलेला मनुष्य अवजड मालमोटारही चालवू शकत असे. काही चालक तर निरनिराळ्या राज्यांचे परवाने खिशात बाळगीत. एका परवान्यावर गुन्ह्यांची नोंद झाली, की दुसरा पुढे करावयाचा! १९८६ च्या कायद्याने हा मार्ग बंद केला. मोठ्या वाहनांसाठी कसून परीक्षा घेऊन स्वतंत्र परवाना द्यावा, आणि तो एका चालकास एकच असावा, असे ठरले. परवाना आजही राज्यच देते. पण १९९२ च्या एप्रिलपासून परीक्षेची किमान पातळी सर्वत्र सारखी झाली, आणि एका राज्यात केलेला गुन्हा दुसऱ्या राज्यात लपविणे कठीण झाले.

आज त्या देशात महामार्गालगतच्या तपासणीनाक्यावर राज्याचा अधिकारी मालमोटार थांबवितो. तो परवाना व तासांची नोंद पाहतो. वाहनाखाली शिरून ब्रेक तपासतो. माल नीट बांधला आहे की नाही, दिवे लागतात की नाही, हे पाहतो. पुढच्या टायरांवरील खाचांची खोली सुमारे ३ मिलिमीटर तरी आहे ना, हेही मोजतो. दोष गंभीर असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत वाहन जागेवरून हलू दिले जात नाही. माल नासो की उशीर होवो, ते चालत नाही.

अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश राज्याचा असतो, हातातील कायदाही राज्याचा असतो. पण त्या कायद्याचा आशय साऱ्या देशाने मान्य केलेला असतो. संघराज्याचे खरे बळ यातच आहे. राज्याची सीमा नकाशावर असते. भरधाव येणाऱ्या मालमोटारीस ती दिसत नाही. म्हणून माणसाच्या प्राणाची काळजीही सीमेपाशी थांबता कामा नये.