उभ्या दुनळीचा नाद

गाणे-वाजवणे शिकवणाऱ्या माणसाने बंदुकीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण बडा गणपतीच्या पंचवीस फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन मल्हारगंजाच्या बाजूला वळले की जी जुनी मराठी घरे लागतात, त्यांतील काही घरांत तानपुरा आणि बंदूक एकाच भिंतीला टेकून उभी असलेली मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या घरी बंदूक नव्हती. तिची पारख करणारा कान मात्र होता.

माझे वडील होळकर दरबारात तबल्याला होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे, वादकांत सर्वांत धाकटे. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. शिकारखान्यातला एक वृद्ध मिस्त्री त्यांना अधूनमधून बोलावून घेई. दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, त्यांच्या खालच्या आकड्यात सुतळी अडकवून त्या अधांतरी टांगायच्या आणि नखाने हलकेच टिचकी मारायची. दोन्ही नळ्या व त्यांना सांधणाऱ्या पट्ट्या एकजीव असतील तर घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा सूर निघतो. जोड कोठे सुटला असेल तर सुरात खरखर येते, डब्यात माशी कोंडल्यासारखी. मिस्त्रीला म्हातारपणी ऐकू कमी येई, म्हणून वडिलांचा कान उसना घेतला जाई. वडिलांनी जन्मात एकही काडतूस उडवले नाही.

ही विद्या त्यांनी मला सांगून ठेवली होती. ती वापरण्याचा प्रसंग आला २०२० च्या फेब्रुवारीत. त्याआधी डिसेंबरात शस्त्र कायद्यात बदल होऊन एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरले होते. तिसरे वर्षाच्या आत जमा करावयाचे. आमच्या शेजारच्या काकूंकडे यजमानांच्या मागे वारसाने आलेली तीन होती : एक रायफल, एक शेजारी-शेजारी नळ्यांची इंग्रजी दुनळी, आणि एक नळीवर नळी असलेली ‘उभी’ दुनळी. एका दुकानदाराने ती उभी पाहून नाक मुरडले. नळ्या वाजवून म्हणाला, जोड गेलाय, भंगाराच्या भावात घेतो. काकूंनी मला बोलावणे पाठवले.

“अरे, तुझे वडील नळ्या वाजवून पाहायचे ना? मग तू एकदा ऐक. ह्यांची फार आवडती होती ती.”

बंदूक हातात घेतली आणि प्रथम डोळ्यांनी पाहिली. नळ्यांच्या बुडाशी लंबगोलात ‘ई एल जी’ ही अक्षरे, म्हणजे बेल्जियमच्या लिएजची परीक्षा उतरलेला माल. वर नाव ब्राउनिंगचे. मी चपापलो. उभी दुनळी लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ साली आणि वुडवर्डने १९१३ साली उत्तम बनवली होती, पण ती धनिकांचीच चीज. अमेरिकेच्या यूटा प्रांतातल्या एका बंदूकवाल्याचा मुलगा जॉन ब्राउनिंग याने ती जरा बेताच्या ऐपतीच्या शिकाऱ्यालाही परवडावी असा ध्यास घेतला. लिएजजवळच्या हर्स्टल येथील कारखान्यातच १९२६ च्या नोव्हेंबरात त्याला मरण आले. काम पुढे मुलगा व्हॅल याने नेले, आणि १९३१ साली ‘सुपरपोज्ड’ बाजारात आली. १९४० साली जर्मनांनी बेल्जियम व्यापला तेव्हा हे काम बंद पडले.

हिची खुबी सोपी आहे. नेम धरताना डोळ्यासमोर दोन नळ्यांचा रुंद पाट नसतो, एकच अरुंद रेघ असते. पहिला बार खालच्या नळीतून काढला की झटका खांद्यात सरळ बसतो, तोंड कमी उसळते आणि दुसरा बार लवकर साधतो. आज ट्रॅप-स्कीटच्या मैदानावर हिचेच राज्य आहे. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते याच जातीच्या बंदुकीने.

पारख करणाऱ्याने काय पाहावे? वरची किल्ली बंदूक मिटल्यावर कोठे थांबते ते आधी पाहावे. नव्या बंदुकीत ती मध्यापासून किंचित उजवीकडे राहते, झिजत जाईल तशी मध्याकडे व पुढे डावीकडे सरकते. काकूंची अजून उजवीकडेच होती. मग काडतुसाच्या घराची लांबी : जुन्या कित्येक बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, आणि त्यांत आजचे ७० चे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ. हिच्यावर ७० चा आकडा होता. नळीच्या बाजूला तारे कोरलेले असतात. एक तारा म्हणजे तोंड पूर्ण आवळलेले, दोन म्हणजे मध्यम. दस्त्याच्या मागचे स्क्रू काढून गंज पाहावा, कारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढची काही वर्षे या कारखान्याने मिठाने सुकवलेले अक्रोडाचे लाकूड वापरले आणि त्याने आतले पोलाद खाल्ले. ही बंदूक त्याआधीची. स्क्रू कोरडे निघाले. आणि कृपा करून जुनी बंदूक घासूनपुसून लख्ख करू नये. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने उजळायची सवय. बंदुकीचा मूळ रंग गेला की संग्राहकाच्या लेखी तिचे मोल गेले.

शेवटी नळ्या टांगल्या. टिचकी मारली. सूर मेलेला! “काकू, दुकानदार खोटे बोलला नाही,” हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण खरखर कोठे होती? फुटलेला सूर वेगळा, दाबलेला वेगळा. तबल्याच्या पुडीवर तळहात ठेवून चाट मारली तर असाच आवाज येतो. तबला त्यात काही बिघडलेला नसतो. मग लक्षात आले. इतर दुनळ्यांचे पुढचे लाकूड सुटून हातात येते. सुपरपोज्डचे फक्त पुढे सरकते आणि नळ्यांवरच राहते. म्हणजे नळ्यांना लाकडाने मिठी मारली होती आणि मी त्यांना गायला सांगत होतो.

स्क्रू काढून लाकूड उतरवले, पुन्हा टिचकी मारली. खोलीभर सूर पसरला, आणि बराच वेळ राहिला. खोड जाईना म्हणून पेटीवर लावून पाहिला : काळी दोनच्या किंचित खाली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. “अजून एकदा वाजव,” म्हणाल्या.

शिकार १९७२ च्या कायद्याने संपली, ते बरेच झाले. होळकर शिकारीला जात ते राळामंडळ १९८९ पासून अभयारण्य आहे. परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून नेमबाजांखेरीज इतरांना बंद. तेव्हा जे घरात आहे तेवढेच. माणिकबागेतले सामान १९८० साली मोनॅकोला लिलावात गेले आणि त्याची किंमत आपल्याला जगाकडून कळली. काकूंच्या घरी निदान तसे झाले नाही.

त्यांनी रायफल जमा केली. मी लाकूड पुन्हा बसवून दिले; एक स्क्रू अर्धा फेरा कमी पिळला गेला आहे असे मला अजून वाटते. पुढच्या खेपेला बघेन.