बालस्थूलता

बालस्थूलता : बालकाच्या शरीरात मेदाचा फाजील संचय होणे. पाच वर्षांखालील बालकांतील अतिवजन उंचीच्या मानाने ठरवितात. महाराष्ट्रात अशी बालके २०१९–२१ मध्ये सु. ४% होती, त्याच पाहणीत सु. ३५% बालके खुजी आढळली. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या डोंगराळ, भात-नाचणी पिकविणाऱ्या तालुक्यांसारख्या भागांत कृशता हाच परिचित धोका असल्याने गुटगुटीत मूल निरोगी समजले जाते. खुज्या बालकाचे वजन वयाच्या मानाने योग्य वाटले, तरी उंचीच्या मानाने ते अधिक असू शकते. म्हणून अंगणवाडीत उंचीही काळजीपूर्वक मोजणे अगत्याचे असते. पुण्याजवळील सहा खेड्यांत चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सरासरी २·७ किग्रॅ. वजनाच्या नवजात अर्भकांतही, इंग्लंडमधील अर्भकांच्या तुलनेने, स्नायू कमी पण त्वचेखालील मेद टिकून असल्याचे दिसले.

स्थूल बालकांत रक्तदाब वाढणे, यकृतात मेद साचणे व पुढे मधुमेह होणे यांचा संभव वाढतो. झोपेत श्वसनमार्ग अवरुद्ध झाल्यास झोपमोड होऊन वर्गात पेंग येते, लक्ष उडते. यास बुद्धिमांद्य समजणे सर्वस्वी चुकीचे होय. सवंगड्यांच्या चेष्टेमुळे काही मुले शाळाच टाळतात. उपचारात उपासमार वर्ज्य असते. वजन स्थिर राखून उंची वाढू देणे बहुधा पुरेसे ठरते.