उभं राहणाऱ्यांची गोष्ट

कॉलर म्हटलं की आपल्याला शर्ट आठवतो. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या कॉन्ट्रा नाचात मात्र कॉलर म्हणजे माइक धरून पुढची चाल सांगणारा माणूस. समोर लांबलचक रांगा, बाजूला फिडल आणि पियानो. 64 ठेक्यांचं, साधारण अर्ध्या मिनिटाचं आवर्तन संपलं की प्रत्येक जोडी एक घर सरकते आणि तिची नव्या जोडीशी गाठ पडते. शाळेत लेझीमला सरांची शिट्टी असायची, पण तिचं काम पाय बदलण्यापुरतं. कॉलरला अनोळखी माणसं एकमेकांत मिसळायची असतात, तीही भाषण न ठोकता.

न्यू हॅम्पशायरचा राल्फ पेज 1930च्या सुमारास कॉल देऊ लागला. 1949पासून त्याने ‘नॉर्दर्न जंकेट’ हे मासिकही चालवलं. त्याच्या काळच्या पुष्कळशा नाचांत जोडीआड एक जोडी नाचायची, बाकीच्यांनी बरंचसं उभं राहून आपली पाळी येण्याची वाट बघायची. खेड्यात सगळे ओळखीचे. उभं राहणं म्हणजे गप्पांची सोय. साठच्या दशकात डडली लॉफमन या कॉलरच्या मागे शहरातली, कॉलेजातली पोरं या नाचात शिरली. त्यांना उभं राहणं कुठलं जमायला!

मग नाचच बदलले. बोस्टनकडचा टेड सॅनेला आणि त्याच्या बरोबरीचे कॉलर सगळ्याच जोड्या सतत फिरत्या राहतील असे नाच रचू लागले. सॅनेलाचं ‘बॅलन्स अँड स्विंग’ हे पुस्तक 1982 साली आलं. ‘सगळ्यांना सामावून घ्या’ असं कुणी म्हटलं नाही. रचनाच अशी केली की वगळायला जागा उरली नाही. कॉलरांनी केलेल्या कामांत मला हे सर्वांत मोठं वाटतं.

अर्थात माणसं वाट काढतातच. मुरलेले नाचणारे मधल्या रांगेत गर्दी करू लागले, पुढच्या दोन-तीन नाचांचे जोडीदार आधीच ठरवू लागले, आणि नवखे कडेच्या रांगेत एकमेकांवर आदळत राहिले. यावर कॉलरांकडे उपाय तसे साधेच: नाच सुरू होण्याआधी अर्धा तास शिकवणी, सुरुवातीला सोपे नाच, आणि ‘अजून ज्यांच्याशी नाचला नाहीत त्यांना विचारा’ एवढं एक वाक्य. कुणी चुकलं तर त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. पुढच्या आवर्तनात ती चाल सगळ्यांनाच किंचित आधी, ठासून सांगायची.

शब्दांचा वाद पुढचा. ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ हे शब्द नकोत, कुणीही कुठल्याही बाजूने नाचावं, असा आग्रह बोस्टनच्या जमेका प्लेनमध्ये ऐंशीच्या दशकातच धरला गेला होता. तेव्हा दंडावरच्या फितीवरून बाजू ओळखायची. आता ठिकठिकाणी ‘लार्क’ डावीकडे आणि ‘रॉबिन’ उजवीकडे असतात. इंग्रजीत डाव्या-उजव्याची आद्याक्षरं तीच, शिवाय नवे शब्द जुन्यांच्याच मापाचे, त्यामुळे ठेका मोडत नाही. पहिल्यांदा ऐकून मला हसू आलं होतं. दोन नाचांनंतर ते शब्द कानांना कळलेही नाहीत.

 

चांगला कॉलर ठेका पडायच्या क्षणभर आधी बोलतो, मग एकेक शब्द गाळत जातो. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला माइक खाली येतो आणि नाच नुसत्या वाजवण्यावर चालू राहतो. तो बघत मात्र असतो, आणि बघतो ते रांगेच्या टोकांकडे. कारण नव्या नाचांतही टोकाला पोचलेल्या जोडीला एक आवर्तन थांबावंच लागतं आणि आपसांत जागा बदलून परत आत शिरावं लागतं. पहिल्या खेपेला मी तिथे पोचले आणि सुटलो बुवा म्हणून घाम पुसत उभी राहिले. एवढा वेळ गप्प असलेला माइक वर गेला. ‘टोकाचे, जागा बदला.’