शस्त्रक्रियेपूर्वी झोपेची तपासणी कशासाठी?

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी विमा कंपनीने झोपेच्या तपासणीचा अहवाल मागितला, की पैसे नाकारण्याचाच हा बहाणा असे अनेकांना वाटते. काही जण घोरणेही लपवितात. म्हणून यामागील कारण आम्ही येथे देत आहोत.

झोपेत घसा मिटून श्वास वारंवार दहा सेकंद वा अधिक अडतो, त्या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. भुलीच्या व काही वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो. विकार आधी कळला नाही, तर शस्त्रक्रियेनंतर शरीरातील प्राणवायू धोकादायकरीत्या घटू शकतो.

तपासणीत रात्रभर श्वास व प्राणवायू मोजतात. तासाला सरासरी ३० वा अधिक अडथळे म्हणजे तीव्र विकार. भारतातील विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या कलमात, बीएमआय ४० नसला तरी ३५ असून तीव्र स्लीप ॲप्निया असल्यास, इतर अटी पाळून खर्च मिळण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे अहवाल रुग्णाच्या बाजूनेही बोलतो.

घोरण्याविषयी घरच्यांस विचारून डॉक्टरांना खरे सांगावे. सीपॅप यंत्र दिल्यास रोज लावावे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सोबत न्यावे. लपविलेला विकार विम्यापेक्षा जिवाला महाग पडतो, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.