राखेच्या बेटावर सुट्टीला जाताना

गैरसमज : काळा दगड बघायला एवढ्या लांब कशाला?

लान्सारोते हे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर. तिथला दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच. पण सह्याद्रीच्या लाव्ह्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. त्याची माती झाली, तिच्यावर रानं उभी राहिली. लान्सारोतेचा बराचसा लाव्हा १७३० ते १७३६ या सहा वर्षांतला. त्या उद्रेकात बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा गाडला गेला. याइसा गावचे पाद्री आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो यांनी त्याची टिपणं ठेवली, म्हणून कोणती गावं कशी बुडाली ते कळतं. त्यानंतरचा उद्रेक १८२४चा, आणि तो आजवरचा शेवटचा.

गैरसमज : म्हणजे आता सगळं थंड झालं.

वर थंड, खाली नाही. तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात काही मीटर खोल अजून शेकडो अंशांची धग आहे. नळीत पाणी ओतलं की वाफेचा फवारा उसळतो, खड्ड्यात वाळकं झुडूप टाकलं की ते आपसूक पेटतं. तिथल्या उपाहारगृहात कोंबडी याच धगीवर भाजतात. हा जरा पर्यटकी तमाशा आहे खरा, पण बघावा. लाव्ह्यावर मनाला येईल तसं भटकू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गैरसमज : राखेत काय पिकणार?

द्राक्षं. बेटावरच्या ला हेरिया या भागात शेतकऱ्यांनी राखेच्या थरात माणूस बुडेल एवढे खोलगट खड्डे खणले आणि खालच्या जुन्या मातीपर्यंत पोहोचून प्रत्येकात एकदोन वेली लावल्या. वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल दगडी बांध. वर पसरलेले राखेचे सच्छिद्र, काळे खडे रात्रीचा ओलावा धरून ठेवतात आणि दिवसा तो उडू देत नाहीत. आपले बागायतदार पाचट पसरून आच्छादन करतात, तेच इथे ज्वालामुखीने करून ठेवलं. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्या माण तालुक्यात याच्या तिप्पट तरी पडतो. यंत्र या खड्ड्यांत उतरत नाही, सगळं हाताने. त्यामुळे इथली माल्वासिया वाईन स्वस्त नसते, आणि ती का नसते हे खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही.

गैरसमज : चहूकडे समुद्र, मग पाऊस भरपूर असणार.

सह्याद्री ढग अडवतो म्हणून कोकण भिजतं. लान्सारोतेचा सर्वांत उंच माथा ६७१ मीटर. ढग बहुधा वरून निघून जातात. याच कॅनरी बेटांपैकी तेनेरीफेवर ३,७१५ मीटरचा तेइदे उभा आहे, तिथे उत्तर उतारावर हिरवी रानं आहेत. लान्सारोतेवर पूर्वी पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदांत साठवत. १९६०च्या दशकापासून समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, तेव्हा अंघोळ आटोपशीर करावी.

गैरसमज : वारा गार, तेव्हा ऊन लागत नाही.

सुट्टीचा विचका बहुतेकांचा इथेच होतो. ईशान्येचे व्यापारी वारे उन्हाळ्यात सर्वांत जोरात असतात. अंगाला गार वाटतं आणि संध्याकाळी खांदे भाजलेले निघतात. टोपीला नाडी हवी. फामाराचा किनारा लाटांवर स्वार होणाऱ्यांचा. लहान मुलं असतील तर दक्षिणेला पापागायोच्या आडोशाच्या खाड्या बऱ्या. कधी वारा फिरतो आणि सहाराची धूळ घेऊन येतो. त्याला 'कालिमा' म्हणतात. आकाश पिवळसर, हवा तापलेली. मग कालपर्यंत वाऱ्याला नावं ठेवणारेच त्याची वाट बघतात.

गैरसमज : कॅनरी पक्ष्यावरून बेटांचं नाव पडलं.

उलटं. नावाचा उगम बहुधा लॅटिनमधल्या कुत्र्यात आहे.

गैरसमज : लाव्ह्यावर जीव नाही.

खाली वाकून बघा. दगडावर राखाडी-पांढरे पापुद्रे दिसतील. ती शैवाकं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं. तीनशे वर्षांत मुख्यतः तीच वर चढली आहेत.